आगगाडीचा सिनेमा पाहिला, त्यात आगगाडीच नव्हती (सांगली-मिरज-साताऱ्याच्या आईबाबांसाठी)

विश्रामबागकर

शनिवारी दुपारी लेकाला घेऊन आगगाडीवरचा तो नवा ॲनिमेशनपट बघून आलो. दोन दिवस झाले तरी मनातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. सिनेमाचं आणि थिएटरचं नाव मुद्दाम देत नाही. या सुट्टीत ज्यांनी पोरांना नेलं असेल त्यांना ते कळेलच.

आधी लेकाबद्दल सांगतो, त्याशिवाय माझी तक्रार कळायची नाही. वय साडेपाच. दीड वर्षाचा असल्यापासून त्याला गाडीचं वेड आहे. विश्रामबाग स्टेशन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आठवड्यातून दोन-तीनदा फलाट तिकीट काढून तिथल्या बाकावर बसायचं हा आमचा नेम. मालगाडी आली की वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायच्या. अठ्ठावन्नपर्यंतचे आकडे तो शाळेच्या आधी तिथेच शिकला. गाडी गेली की लगेच उठायचं नाही, शेवटच्या डब्यावरची मोठी पिवळी फुली दिसेपर्यंत थांबायचं. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, मधेच डबे सुटून मागे राहिले नाहीत, हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून फुली दिसली की तो "आली सगळी!" असं ओरडतो आणि मगच माझं बोट धरून निघतो.

असं पोर महिनाभर त्या सिनेमाची वाट बघत होतं. पोस्टरवर लाल इंजिन, त्याला डोळे, धुराड्यातून धूर. रोज रात्री "उद्या का परवा?" हा एकच प्रश्न.

पहिली दहा मिनिटं छान होती. पहाटेचं यार्ड, धुकं, कोळशाच्या ढिगावर झोपलेलं मांजर. लेक खुर्चीच्या कडेला येऊन बसला. मग त्या इंजिनाला कसलीशी जादूची शक्ती मिळाली आणि ते रूळ सोडून उडालं. तिथून पुढे सव्वा तास ते मोटारींशी शर्यत लावतंय, इमारतींवरून उड्या मारतंय, हवेत गिरक्या घेतंय. मोटार, विमान, रॉकेट, कशाचंही चित्र त्या जागी घातलं असतं तरी गोष्ट तीच राहिली असती. सिग्नल नाही, रूळ बदलायचा सांधा नाही, स्टेशनमास्तर नाही, गाडीत बसलेलं माणूस नाही. एकाही उतारूला कुठे जायचं नाही.

लेकाने मधेच विचारलं, "बाबा, रूळ कुठं गेले?" मी म्हणालो, येतील आता. नंतर त्याने विचारणं सोडून दिलं आणि माझ्या दंडाला डोकं टेकून बसला.

शेवटी एकदाची गाडी रुळावर आली आणि सूर्यास्ताकडे निघाली. लोक उठायला लागले. हा मात्र खुर्चीवर उभा राहिला, फुली बघायला. गाडी वळणाआड गेली, शेवटच्या डब्यावर खेळण्यांच्या जाहिरातीतलं तेच चिन्ह चमकलं आणि पडदा काळा झाला. "बाबा, सगळी आली का?" मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

चौघांचे साडेअकराशे रुपये गेले त्याचं वाईट नाही वाटत. पोर ज्यावर जीव टाकतं त्याच्याकडे सिनेमावाल्यांनी एकदा नीट बघितलंसुद्धा नाही, याचं वाईट वाटतंय. तुमचा अनुभव काय?

दोन_लेकींची_आई

अगदी मनातलं लिहिलंत दादा. आम्ही सांगलीवाडीहून गेलो होतो, रविवारी सकाळच्या खेळाला.

माझ्या मुली सात आणि चार वर्षांच्या. आवाज इतका मोठा होता की धाकटी पहिल्या अर्ध्या तासातच कानांवर हात ठेवून बसली. शिवाय सगळं हिंदीत, आणि तेही दोस्त मंडळी टिंगल करतात तसल्या हिंदीत. आमची चार वर्षांची घरात मराठी, अंगणवाडीत मराठी. मी मध्यंतरापर्यंत कानात कुजबुजत एकेक वाक्य मराठीत सांगत होते. नंतर माझाच घसा बसला. लहान मुलांसाठी परदेशातून सिनेमा येतो तेव्हा मराठीत बोलता करायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात चार-पाच वर्षांची किती मुलं हिंदी विनोद समजू शकतात?

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या म्हाताऱ्या इंजिनाला सगळे मिळून "कबाड" म्हणून हसतात तो प्रसंग आठवतोय? थिएटरभर हशा. मोठीने घरी येऊन विचारलं, "आई, आजोबांचा पाय दुखतो, ते हळू चालतात, म्हणून त्यांना पण कबाड म्हणायचं का?" सासरे तिथेच झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी तिला जवळ घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

माहुली

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. मी साताऱ्याचा. माझी दोन्ही पोरं सिनेमा बघून खूश आहेत, चार दिवस तेच गाणं चालू आहे घरात. मला वाटतं आपण मोठी माणसं फार हिशेब लावतो. हनुमान उडतो, द्रोणागिरी उचलून आणतो, तेव्हा आपण विचारतो का, कसं काय म्हणून? चिऊताईच्या गोष्टीत कावळा माणसासारखा बोलतो. मग इंजिन उडालं तर काय बिघडलं? पोरांच्या मनाला पंख असतात, त्यांना रुळावर बांधून ठेवू नये.

विश्रामबागकर

माहुलीदादा, राग कसला, तुम्ही मुद्द्याचं बोललात. मीही यावर खूप विचार केला.

चिऊताईचीच गोष्ट घ्या. कावळा बोलतो, चिमणी बाळाला तीट लावते, सगळं मान्य. पण कावळ्याचं घर शेणाचं होतं म्हणून पावसात वाहून गेलं आणि चिऊचं मेणाचं होतं म्हणून राहिलं. गोष्ट तिथेच उभी आहे. शेण पावसात वाहतंच, ते बदललं की गोष्ट संपली. पोराला शेण माहीत असतं, पाऊस माहीत असतो, म्हणून त्याला दार उघड म्हणणाऱ्या कावळ्याची दया येते.

हनुमान उडतो कारण तो वायुपुत्र आहे. उडणं त्याच्या जन्मातच आहे. आगगाडीच्या जन्मात रूळ आहे. तिला डोळे द्या, बोलायला लावा, रडवा, माझी काही तक्रार नाही. पण ती रुळावर असू दे. गाडीला हवं तिकडे वळता येत नाही, सांधेवाल्याने सांधा बदलला तरच ती दुसऱ्या वाटेला लागते, यातच तिची किती मजा आहे! पुणे-मिरज मार्ग एकेरी होता तेव्हा आपण सगळ्यांनी क्रॉसिंगला ताटकळत काढलेले तास आठवा. समोरून येणारी गाडी दिसल्यावर डब्यात जो आनंद व्हायचा, तो उडणाऱ्या इंजिनाला कसा मिळणार?

रनिंग_रूम

मी मिरजेचा. रेल्वेत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी इंजिनावर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नातवाला घेऊन मीही हा सिनेमा बघितला. सहसा इथे फक्त वाचतो, आज लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

त्यात दोन प्रसंग आहेत. एक, छोटी मुलगी मांजराच्या मागे पळत रुळावर येते, समोरून इंजिन येतं आणि तिच्या नाकासमोर येऊन हसत थांबतं. दुसरा, मुलगा धावत्या गाडीच्या टपावर चढून हात पसरून उभा राहतो आणि मागे संगीत वाजतं.

पहिल्याबद्दल सांगतो. शंभराच्या वेगात असलेल्या गाडीला आणीबाणीचा ब्रेक लावला तरी ती थांबायला पाऊण ते एक किलोमीटर जावा लागतो. भरलेली मालगाडी चार-पाच हजार टनांची असते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्यात पकड ती किती असणार? ब्रेक मारला की ड्रायव्हरच्या हातात फक्त भोंगा उरतो. तो दाबून धरायचा आणि समोर बघत राहायचं. माझ्या नोकरीत हे माझ्यावर आलेलं आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर कित्येक महिने मला जेवण गेलं नाही.

दुसरं. आता पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा आहेत. त्यात २५,००० व्होल्ट असतात. आपल्या घरात २३० असतात. त्या तारेला हात लावावाच लागतो असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. यार्डात उभ्या असलेल्या वाघिणीवर फोटो काढायला चढलेली तरणीताठी पोरं अशीच भाजून गेली आहेत.

मिरज, सांगली, विश्रामबाग, माधवनगर, सगळीकडे रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. शाळेत जायला पोरं रूळ ओलांडतात. त्यांच्यासमोर पडद्यावर इंजिन हसत थांबलं तर ती काय शिकणार? माझा नातू शेजारी बसून टाळ्या वाजवत होता. घरी आल्यावर त्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. प्रत्येक पोराला असा आजा असतोच असं नाही.

माहुली

काका, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सिनेमा आवडला हे मी मागे घेत नाही, पोरांना तो खरंच आवडला. पण आज रात्री जेवताना दोघांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवतो.

खडूफळा

या निमित्ताने एक सांगावंसं वाटतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. बोलणाऱ्या इंजिनांच्या गोष्टींचं जगभर ज्याने वेड लावलं तो माणूस नेमका उलटा होता. इंग्लंडमधले विल्बर्ट ऑड्री नावाचे पाद्री. त्यांच्या लहान मुलाला गोवर आला होता, तो अंथरुणात पडून होता, त्याला रमवायला त्यांनी इंजिनांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. पहिलं पुस्तक १९४५ साली आलं आणि थॉमस नावाचं निळं इंजिन त्याच्या पुढच्या वर्षी. ऑड्रींचा हट्ट असा की गोष्टीतला प्रसंग कुठेतरी कुठल्यातरी खऱ्या रेल्वेवर घडलेला असला पाहिजे. चित्रात चूक झाली तर ते चित्रकाराशी वाद घालत. त्यांची इंजिनं बोलतात, रुसतात, फुशारकी मारतात, पण फुशारकी मारून वेगात गेलेलं इंजिन रुळावरून घसरतं आणि मग क्रेन येऊन त्याला उचलते. त्या लाजेत सगळं येतं.

थॉमसची १९८४ ची टीव्ही मालिका तर खरी छोटी मॉडेलं रुळांवर चालवून चित्रित केली होती. तोंडं बदलता येणारे मुखवटे, हलायचे फक्त डोळे. तेवढ्यावर मुलं खिळून बसायची. पुढे सगळं संगणकावर गेलं, आणि २०२१ साली जी नवी चित्रांची मालिका आली तीत इंजिनं चेंडूसारखी उसळायला लागली. तेव्हाही जगभरचे जुने प्रेक्षक आणि आईबाप असेच हळहळले होते. म्हणजे हे दुखणं आपल्या सांगलीपुरतं नाही.

थॉमसच्याच २०१६ च्या सिनेमात आशिमा नावाचं भारतीय इंजिन होतं, निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर बेतलेलं. त्या ४६ किलोमीटरच्या मार्गावर एका भागात चढ इतका उभा आहे की तिथे दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवत अडकवत ते चढतं. मी वर्गात हे दोन कंगवे एकमेकांत अडकवून दाखवलं. तिसरीची पोरं पुढचा तासभर कंगवे सोडायला तयार नव्हती. खऱ्या यंत्रात एवढी जादू असताना वेगळी जादू आणायची गरजच काय, असं मला दरवेळी वाटतं.

सातवी_अ

छोटी माहिती. थिएटरात सिनेमाच्या आधी ज्या जाहिराती आणि झलका लागतात त्यानेच माझी लेक घाबरली. सेन्सॉरने नोव्हेंबर २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट केले आहेत. तिकीट काढताना ते बघत जा, आणि अगदी लहान मूल असेल तर दहा मिनिटं उशिरा आत शिरा. आम्ही आता तसंच करतो.

आदर्की

साताऱ्यातून मीही. लहानपणी वडिलांची नोकरी लोणंदला, आजोळ कराडला. त्यामुळे आदर्कीचा घाट वर्षातून चार वेळा तरी व्हायचा. बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं एकदम ओरडायची, आणि पलीकडे उजेडात आलो की मोठी वळणं. खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसायचं! आपण ज्या गाडीत बसलोय तीच समोरून वळून चाललीय, हे बघताना पोटात जे व्हायचं ते मला कुठल्या सिनेमाने दिलेलं नाही.

आजोबा सांगायचे, पावसात घाटात चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो. मला ते खोटं वाटायचं. काका, खरं असतं ना ते?

आणि आपल्याला परदेशी सिनेमाकडे बघायची वेळ यावी याचं मला खरंच नवल वाटतं. मामाच्या गावाला जाणाऱ्या आगीनगाडीचं गाणं लिहिणारे गदिमा माडगुळ्याचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातले. ते गाणाऱ्या आशाबाई सांगलीत जन्मलेल्या. साठ वर्षं होऊन गेली तरी आजही अंगणवाडीत ते गाणं लागलं की पोरं एकमेकांचे शर्ट धरून रांग करतात. त्यात कुणी उडत नाही, कुणी शर्यत जिंकत नाही. झाडं पळतात आणि मामाचं गाव येतं. पोराला एवढं पुरतं.

रनिंग_रूम

आदर्की, तुमचे आजोबा खरं सांगत होते. इंजिनाच्या चाकांजवळ वाळूच्या पेट्या असतात, आजच्या विजेच्या इंजिनांनाही असतात. वाळू कोरडी लागते, म्हणून ती चाळून, भाजून भरायची. चाक घसरायला लागलं की नळीतून नेमकी चाकाखाली सोडायची. पहिल्यांदा घाटात माझ्या हाताने वाळू सोडली आणि गाडीने जागा सोडली, तेव्हा मला देवळात घंटा वाजवल्यासारखं झालं होतं.

मिरजेबद्दलही सांगतो. एके काळी इथे तिन्ही मापांचे रूळ होते. १६७६ मिलिमीटरचा रुंद, १००० चा मीटर आणि ७६२ चा अरुंद. अरुंद म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९२७ साली मिरजेला पोचली. पंढरीचे वारकरी तिच्यातून जायचे. एका मापाची गाडी दुसऱ्या मापावर चालत नाही, म्हणून माल या गाडीतून त्या गाडीत हमालांच्या पाठीवरून जायचा. गूळ, हळद, मिरची. पाऊस आला की हळद भिजू नये म्हणून काय धावपळ! यावर कुणी पोरांसाठी सिनेमा काढला तर मी रोज जाऊन बघेन.

विश्रामबागकर

काका, तुमचे प्रतिसाद वाचून काल रात्री मी एक केलं. लेक सिनेमापासून गप्प गप्प होता, स्टेशनवर चल म्हटलं तरी नको म्हणायचा. झोपताना त्याला गोष्ट सांगितली, आपल्या मिरजेच्या पाण्याच्या गाडीची.

२०१६ चा एप्रिल. लातूरला पाणी नाही. नळ कोरडे, विहिरी कोरड्या. मग राजस्थानात कोट्याला वाघिणी आतून वाफेने धुऊन स्वच्छ केल्या आणि मिरजेला आणल्या. ११ एप्रिलला दहा वाघिणी भरून गाडी निघाली, जवळजवळ पाच लाख लिटर पाणी. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली.

अंधारात उठून बसला. प्रश्नच प्रश्न. पाणी हिंदकळून सांडलं नाही का? वाघिणीला झाकण असतं का? ड्रायव्हरकाकांना तहान लागली तर त्यांनी त्यातलं प्यायचं का? लातूरच्या पोरांनी आधी अंघोळ केली का आधी प्यायली? मी जमेल तशी उत्तरं देत गेलो. काही वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "लातूरला पोचल्यावर मागची फुली दिसली का?"

दिसली म्हणालो. दहाच्या दहा वाघिणी पोचल्या.

"आली सगळी," म्हणाला आणि कुशीवर वळला.

दोन_लेकींची_आई

वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो. ही गोष्ट आज माझ्या मुलींना सांगणार.

एक सुचवू का? येत्या रविवारी सकाळी आपण सगळे पोरांना घेऊन मिरज स्टेशनवर भेटू या. फलाट तिकीट दहा रुपये. येताना पोळ्यांचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या आणू. काका, तुम्ही नातवाला घेऊन आलात आणि पोरांना सिग्नल, सांधे, वाळूची पेटी असं थोडं लांबून दाखवलंत तर फार बरं होईल.

रनिंग_रूम

येतो की. पण फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या मागे सगळ्यांनी उभं राहायचं, एकेका पोराचा हात एकेका मोठ्या माणसाच्या हातात. रूळ ओलांडायचा नाही, पूल आहे, पुलावरून जायचं. एवढी अट पाळणार असाल तर सकाळी सातला मुख्य दाराशी थांबतो.

माहुली

आम्ही साताऱ्याहून गाडीनेच येतो, आदल्या दिवशी बहिणीकडे मुक्काम करून. पोरांनी काकांना विचारायला प्रश्न लिहून काढलेत. पहिलाच प्रश्न, टपावर चढलेल्या त्या मुलाचं खरं काय झालं असतं. सांगाल ना काका?

विश्रामबागकर

आम्हीही येतोय. आज संध्याकाळी ऑफिसातून आलो तर घरात औषधांच्या आणि चहाच्या रिकाम्या खोक्यांची गाडी उभी, दोऱ्याने बांधलेली, दहा वाघिणी. प्रत्येकीत बाटलीच्या झाकणाने मोजून पाणी घातलेलं, त्यामुळे खोकी भिजून बसलीत. पिवळा खडू सापडला नाही म्हणून आईकडून चिमूटभर हळद मागून घेतली आणि शेवटच्या खोक्यावर बोटाने फुली काढलीय. सिग्नल मिळेपर्यंत हिला कुणी पाय लावायचा नाही, असं सगळ्यांना सांगून झोपलाय. गाडी अजून दिवाणखान्याच्या दारात उभी आहे, आम्ही सगळे वळसा घालून जातोय.